हंबीरची फटफटी कोणत्या कंपनीची?

अमरावती,
१२ जून १९६३

चि. धर्मपाल यास मैनावहिनीचे अनेक आशीर्वाद.

मे महिन्यातल्या पत्रात तू लिहिलं होतंस की कोर्टाला उन्हाळी सुट्टी आहे म्हणून प्रतिज्ञापत्राचं काम राहिलं. आता कोर्ट उघडलं. वकिलांनी काय सांगितलं ते पुन्हा लिहिते, म्हणजे पत्र हरवलं ही सबब राहणार नाही. नवरा सात वर्षं बेपत्ता असेल आणि त्याच्या माणसांना त्याची काही खबर नसेल, तर बाईला कोर्टातून मोकळं होता येतं. खबर नाही हे नवऱ्याच्या भावानं शपथेवर लिहून द्यावं लागतं. तुझे दादा पंचावन्नच्या दिवाळीत फटफटीला किक मारून गेले, त्याला साडेसात वर्षं झाली. आपण सगळ्यांनी दीक्षा घेतली, तू धर्माचा धर्मपाल झालास, मी ट्रेनिंग करून शाळेत लागले, हे सगळं त्यांच्या मागे झालं. त्यांचा भाऊ तू एकटाच.

खुशालराव बडनेऱ्याला पार्सल ऑफिसात आहेत हे तुला माहीत आहे. विधुर आहेत, मूलबाळ नाही, बोलायच्या आधी चष्मा पुसतात. ते स्वतः घाई करत नाहीत, पण त्यांची बहीण बेबीताई स्पष्ट बोलून गेली की पोळ्यापर्यंत काय ते कळवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे पाहतो. मी चौतिसाची झाले. मला हे लग्न करायचं आहे, हे मी दिराला लिहायला लाजत नाही.

आता एक गमतीचं काम. इथल्या 'दवंडी' साप्ताहिकात 'घाटातला स्वार' नावाची रहस्यकथा येते. लेखक कुणी मेळघाटकर. त्यातला हंबीर फटफटीवर बसून चिखलदऱ्यापासून पातूरपर्यंत चोरांच्या मागे हिंडतो. फटफटी कोणत्या कंपनीची ते लेखक सांगत नाही, नुसते तिचे भाग सांगतो, आणि संपादकांनी वाचकांना ती ओळखायला सांगितली आहे. ओळखेल त्याला वर्षभर अंक फुकट. आमच्या शाळेतल्या बायासुद्धा मधल्या सुट्टीत यावरून भांडतात. तू एवढा मिस्त्री, तर ओळखून दाखव. आतापर्यंत एवढंच आलं आहे:

'जिथे काळा रंग खरवडला होता तिथे खालून हिरवा दिसे. पुढच्या चिमट्याला मधोमध एकच जाड स्प्रिंग होती. पेट्रोलची टाकी मात्र त्या गाडीच्या अंगाची वाटत नव्हती. थोरल्या भावाचा सदरा धाकट्यानं घालावा तशी ती गाडीला मोठी होत होती.'

माय बरी आहे. गुडघे दुखतात. तुझी वाट पाहते.

तुझी वहिनी,
मैना


अकोला,
१९ जून १९६३

ती. मैनावहिनीस धर्मपालचा सप्रेम जयभीम.

पत्र पोचलं. दुकानात गर्दी आहे, पेरणीच्या आधी प्रत्येकाला आपलं इंजीन आजच चालू पाहिजे असतं. तरी फटफटीचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे.

मास्तरीणबायांना भांडणं बंद करायला सांगा. हिरवा रंग म्हणजे फौजेचा. लढाई संपल्यावर सरकारनं डेपोतल्या गाड्या लिलावात काढल्या, त्यातली ती बीएसए, पाचशे सीसी. एका स्प्रिंगचा चिमटा तेच सांगतो. टाकी एरियलची असावी. बीएसएची टाकी गंजली की एरियलची बसवायची, पण मधली जागा भरायला लाकडाची पट्टी ठोकावी लागते. म्हणजे तुमच्या हंबीरची फटफटी एका कंपनीची नाहीच, हे उत्तर लिहून पाठवा आणि अंक फुकट घ्या. हा मेळघाटकर मिस्त्री असावा. नुसत्या लेखकाला टाकी परकी आहे हे कळत नाही, त्याला ती चकाकते एवढंच दिसतं.

दादाचीही अशीच जोडलेली होती, हे तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं. पण अशा जोडलेल्या गाड्या वऱ्हाडात पाच-पंचवीस तरी फिरतात.

प्रतिज्ञापत्राचं पुढच्या आठवड्यात पाहतो. ज्या वकिलाकडून लिहून घ्यायचं तो आजारी आहे. खुशालराव चांगले आहेत, माझी ना नाही.

मायला नमस्कार.

आपला,
धर्मपाल


अमरावती,
१ जुलै १९६३

चि. धर्मपाल,

अकोल्यात एकच वकील आहे हे मला माहीत नव्हतं. त्याला काय झालं आहे ते कळव, मी इथून काढा पाठवते.

उत्तर मी पाठवलं नाही, कारण फटफटी अजून पुरी झालेली नाही. नव्या दोन अंकांत हे आलं:

'समोरचा दिवा कुठल्याशा फोर्ड लॉरीचा होता, म्हणून फटफटी समोरून आली की लोक लॉरी समजून बाजूला होत. गाडी उभी करायचा आडू वखराच्या पाशीतून ठोकून काढलेला होता. हत्यारांची पेटी मुळात बंदुकीच्या गोळ्यांची, तिच्या झाकणावर आकडे कोरलेले होते.'

वखराची पास, म्हणजे जमिनीत फिरवायचं लोखंडी पातं, ती कुणी गाडीखाली लावतं का, असं आमच्या हेडबाईंनी विचारलं. मी म्हटलं, मला काय कळतं त्यातलं. पण भाऊ, मला आता चैन पडत नाही. मला आठवतं त्याप्रमाणे तुझ्या दादाच्या गाडीलाही असंच काहीतरी होतं. तू त्या वेळी त्यांच्या हाताखाली होतास, तुला नक्की आठवत असेल. तूच सांग, ही ती गाडी आहे की नाही.

खुशालराव रविवारी येऊन गेले. मायसाठी गुडघ्याला लावायचं तेल आणलं होतं. माय त्यांना म्हणाली, "तुमी बसा बाप्पा, उभ्यानं कावून बोलून राहिले?" एवढ्यावरून समजून घे की तिला माणूस पसंत आहे.

मैना


अकोला,
६ जुलै १९६३

ती. वहिनी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. डोकं चालेनासं झालंय. काल एका गिऱ्हाईकाच्या इंजिनात तेल घालायचं विसरलो, असं माझ्या हातून कधी होत नाही.

लॉरीचा दिवा एखाद्याकडे असू शकतो. गोळ्यांची पेटीही असू शकते, त्याच लिलावात ढिगानं विकल्या गेल्या. पण वखराच्या पाशीचा आडू या जगात एकाच गाडीला आहे. आपल्या गावच्या लोहारानं तो ठोकला, भाता मी ओढला, आणि जानरावकाका दोन दिवस शिव्या देत होते की माझ्या वखराची पास कुणी नेली. तेव्हा ही दादाचीच फटफटी, यात शंका नाही.

आता मला समजत नाही ते असं. मेळघाटकरानं ती पाहिली कुठे? कुणीतरी दादाकडून विकत घेतली आणि तोच लिहितोय असं म्हणावं, तर इतक्या वर्षांत दिवा, पेटी, टाकी काहीच बदललं नाही असं होत नाही. घेणारा आधी टाकी बदलतो. बरं, दादाच लिहितोय म्हणावं, तर दादा चौथी नापास. तुम्हाला आठवत असेल, पाच ओळींच्या पत्रासाठी तो माझ्या हातापाया पडायचा. मग दादानं कुणाला तरी सांगून लिहून घेतलं असेल का? पण कशासाठी? मी रोज एक ठरवतो आणि दुसऱ्या दिवशी ते मोडतो.

तुम्ही 'दवंडी'च्या कचेरीत जाऊन मेळघाटकर कोण ते विचारून या.

तोवर प्रतिज्ञापत्र थांबू द्या. त्यात लिहायचं की भावाची काहीही खबर नाही. आता ही कथा खबर धरायची की नाही? खबर धरली तर शपथ खोटी होते. वकिलाला विचारलं तर तो मला वेडा म्हणेल, म्हणून विचारलं नाही.

धर्मपाल


अमरावती,
२१ जुलै १९६३

चि. धर्मपाल,

कचेरीत जाऊन आले. संपादक म्हणाले की मजकूर पाकिटातून येतो, त्यावर पत्ता नसतो. अक्षर सुबक आहे, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणजे तुझ्या दादांचं नाही.

बेबीताई पुन्हा येऊन गेल्या. पोळ्याला चार आठवडे उरलेत, याची त्यांनी मला आठवण दिली. मी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवून म्हटलं की मलाही मोजता येतं. त्या रागावून गेल्या. त्यांच्यासोबत आलेले खुशालराव एकटेच परत आले आणि दारातच उभं राहून मला म्हणाले, "तुमच्या मनात काही अडत असलं तर मले सांगा. मी थांबीन. पन काय अडून राहिलं थे समजलं पायजे." खरोखर काय अडून राहिलं आहे ते मला तरी कुठे समजतंय?

कालच्या अंकातला भाग उतरवते. दर अंक मी मायला वाचून दाखवते, हाही दाखवला.

'टाकीवर पुढच्या बाजूला एक छोटी गादी बसवली होती. चहावाल्यानं ती पाहिली आणि तो बुचकळ्यात पडला. हंबीरला मूलबाळ नव्हतं. मग एवढीशी गादी कुणासाठी?'

हे तुझ्या दादांच्या गाडीला नव्हतं. मला नक्की आठवतं. तू काय म्हणतोस? लवकर लिही.

मैना


अकोला,
२४ जुलै १९६३

ती. वहिनी,

पत्र मिळाल्याबरोबर लिहितो आहे. ही कथा तुम्ही वाचणं बंद करा आणि मायला तर मुळीच वाचून दाखवू नका. म्हातारं माणूस, नसतं काहीतरी डोक्यात घेऊन बसेल.

मी विचार करून पाहिला. ही गाडी दादाची नाही. मी मागे घाईनं लिहिलं. वखराची पास आणखी कुणीही लावू शकतो, वखर काय वऱ्हाडात एकच आहे का? आणि या लेखकाला फटफटीतलं काही कळत नाही. टाकीवर अशी लाल रेक्झिनची गादी कुणी मिस्त्री बसवणार नाही. दोन बोल्टांवर ती धरत नाही, खड्ड्यात गाडी आदळली की पोर पडेल. मन मानेल तसं लिहितात ही माणसं, आणि आपण त्यात आपलं घर शोधत बसतो.

प्रतिज्ञापत्राबद्दल मात्र मला आता वेगळंच वाटतं. ते करूच नये. कोर्टकचेरीचा रस्ता चांगला नाही. खुशालरावांना आणखी वर्षभर थांबायला सांगा. वर्षात काहीतरी होईल. काय होईल ते मला विचारू नका, कारण ते मलाच माहीत नाही.

मी येऊन समक्ष बोलतो. पण इतक्यात जमेल असं वाटत नाही.

धर्मपाल


अमरावती,
२७ जुलै १९६३

धर्मपाल,

गादी लाल आहे असं कथेत कुठेही लिहिलेलं नाही. रेक्झिनची आहे असंही नाही. बोल्ट किती आहेत हे तर मी मुद्दाम टाळलं होतं.

होय, मी टाळलं होतं. मेळघाटकर मीच. शाळेतून आल्यावर मायला झोप लागली की लिहिते. बाईच्या नावानं रहस्यकथा कोण वाचेल म्हणून संपादकांनी ते नाव दिलं, आणि फटफटी ओळखायची टूम मीच त्यांच्या डोक्यात घातली. मेळघाटकर मिस्त्री आहे, हे तू किती खात्रीनं लिहिलंस. दिव्याला तारा जोडताना बॅटरी कोण धरून उभं होतं? टाकीखालची लाकडाची पट्टी माझ्या पाटाची फळी फोडून केली होती. बाई बाजूला उभी असते म्हणून तिला काही दिसत नाही, असं तुम्हा दोघा भावांना कायम वाटत आलं.

एकसष्टच्या डिसेंबरात आमच्या शाळेची सहल चिखलदऱ्याला गेली होती. चहाच्या हॉटेलासमोर ती उभी होती. मी मुलींना रांगेत उभं केलं आणि गाडीभोवती फिरले. दिवा, पेटी, आडू, सगळं हात लावून पाहिलं. मग ती छोटी गादी दिसली. इतक्यात हॉटेलातून एक माणूस आला. डोक्याला मफलर, डोळ्यांवर गॉगल, कडेवर चार-पाच वर्षांची मुलगी. मी बाजूला उभ्या असलेल्या एका लॉरीच्या आड झाले. त्यानं तिला गादीवर बसवलं, किक मारली आणि गेला. मला पाठच दिसली. सहा वर्षांनी पाठ ओळखता येते का? फटफटी ओळखली, माणूस ओळखता आला नाही.

दीड वर्ष मी हेच घोळत बसले आहे. ते तुझे दादा होते, की गाडी विकत घेतलेला कुणी परका? परका असेल तर मी मोकळी आहे. तेच असतील तर मी कोण आहे? शाळेत फळ्यावर गणित मांडायची आणि मध्येच विसरायची. मुली एकमेकींकडे बघायच्या.

एक गोष्ट मात्र मी त्या दिवशीच ओळखली होती. त्या गादीच्या बोल्टांच्या टोकांना सायकलच्या ट्यूबच्या रबराच्या टोप्या घातलेल्या होत्या. असं करणारा मिस्त्री मला एकच माहीत आहे. माझं लुगडं कॅरिअरच्या बोल्टला अडकून टर्रकन फाटलं होतं, तेव्हा तू सोळा वर्षांचा होतास. त्यानंतर तू कुठल्याही गाडीचा बोल्ट उघडा ठेवला नाहीस. माझ्या लुगड्यापायी हाताला लागलेली सवय तू त्या गादीला लावलीस.

तरी मला वाटायचं, गिऱ्हाईक म्हणून कुणी परका तुझ्याकडे आला असेल. तसं असतं तर तू हसत लिहिलं असतंस की वहिनी, दादाची गाडी माझ्याकडे येऊन गेली, अमक्यानं घेतली आहे. प्रतिज्ञापत्रावर सही करून मोकळा झाला असतास. तू सही केली नाहीस आणि बोललाही नाहीस. तुझी सही आली असती तर मी काय केलं असतं, हेही मला ठाऊक नाही. कधी वाटायचं, करू दे सही, मला सुटू दे, खरंखोटं त्याच्याजवळ. म्हणजे मी काही फार चांगली नाही.

आता सरळ विचारते आणि सरळ उत्तर दे. गाडीवर कोण होतं?

मैना


अकोला,
१४ ऑगस्ट १९६३

ती. वहिनी,

दादा होता.

हे दोन शब्द लिहायला मला अठरा दिवस लागले. मधल्या काळात मी बुऱ्हाणपूरला जाऊन आलो. ते पुढे लिहितो.

साठच्या दसऱ्याला दुकानासमोर गाडी थांबली. मी पाठमोरा होतो, इंजिनाच्या आवाजावरूनच कळलं. दादा बुऱ्हाणपूरला लॉरी चालवतो. तिथे त्यानं दुसरं घर केलंय. मुलगी सोबत होती, तेव्हा तीन वर्षांची. मी त्याच्या अंगावर पाना उगारला होता. मग ती पोरगी माझ्या हत्यारांशी खेळायला बसली. तिचं नाक हुबेहूब मायसारखं आहे. दादा म्हणाला की ती टाकीवर बसते, घसरते, काहीतरी करून दे. मी गादी करून दिली. टोप्या मी विचार करून घातल्या नाहीत, हातानं घातल्या गेल्या.

जाताना तो म्हणाला, "मायले सांगू नोको, अन् मैनाले तं नोकोच. मी नाही असंच समजू दे." मी ऐकलं. भावाचा शब्द म्हणून ऐकलं, असं मी स्वतःला सांगत आलो, पण ते पुरतं खरं नाही. मला भीती वाटली की तुम्हाला कळलं तर तुम्ही माहेरी निघून जाल आणि माय माझ्या गळ्यात पडेल. माझं एका खोलीचं बिऱ्हाड, शालूला दम्याचा त्रास, दोन पोरं. तुम्ही मायचं सगळं करत होता. दादा बेपत्ता आहे तोवर तुम्ही तिथेच राहाल, हा हिशोब मी केला होता. लिहिताना लाज वाटते, पण आता लिहिलं.

मग तुमच्या लग्नाचं निघालं. खरं बोलावं तर तीन वर्षं लपवलं हे उघडं पडतं. खोटी शपथ घ्यावी तर तुमचं लग्नच खोट्यावर उभं राहतं, आणि उद्या दादा समोर आला तर तुम्ही ना इकडच्या राहाल ना तिकडच्या. म्हणून एकदा वकिलाला आजारी पाडलं, एकदा कथेला खबर केलं.

बुऱ्हाणपूरला दादाला शोधायला वेळ लागला नाही. तो चिडला नाही, रडलाही नाही. त्याच्याच वस्तीतले चार जाणते लोक बसवले, त्यांच्यासमोर सोडचिठ्ठी लिहून घेतली. मजकूर मी लिहिला, सही त्यानं केली, चौघांच्या साक्षी आहेत. सोबत जोडली आहे. ती दाखवून पुढचं कोर्टात करून घेता येईल, मी वकिलाला विचारून आलो. हा वकील ठणठणीत आहे.

तुमच्याबद्दल त्यानं काही विचारलं नाही. विचारलं असं लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, पण आता खोटं पुरे. एवढंच विचारलं, "माय हाये का?" मी हो म्हटलं. तो उठून लॉरीखाली गेला आणि मी निघेपर्यंत बाहेर आला नाही.

एक विनंती. मायला यातलं काही सांगू नका. आठ वर्षांत तिनं पोराला मनातून पोचवून टाकलं आहे. तसंच राहू द्या. तुमचं लग्न झालं की मी तिला घेऊन जाईन. कसं ते अजून सुचत नाही, पण नेईन.

माझ्यावर रागावला असाल. रागवा.

धर्मपाल


अमरावती,
२० ऑगस्ट १९६३

चि. धर्मपाल,

पत्र पोचलं, कागद पोचला. सोडचिठ्ठीवरची सही मी ओळखली. श काढताना अजून तसंच अडखळतात. मला वाटलं होतं मी रडेन. मी कागद घडी करून पेटीत ठेवला आणि भाकरी टाकायला बसले. तिसऱ्या भाकरीला रडू आलं. आठ वर्षं मी कुणाची वाट पाहत होते, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

खुशालरावांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. मेळघाटकर मी आहे हेही. चष्मा पुसता पुसता त्यांनी रुमालाचं पार चिपाड केलं. मग म्हणाले की तुम्ही प्रतिज्ञापत्र करून आणलं असतं तर मी विचारलं नसतं, पण हा कागद असला म्हणजे मला दारावरची थाप ऐकून दचकावं लागणार नाही. बेबीताईंना त्यांनी काल निरोप धाडला. कार्तिकात उरकायचं, तोवर कोर्टाचं होईल.

आता मायबद्दल. तिला काही सांगू नका असं तू लिहिलंस, पण सांगायचं उरलंच नव्हतं. तुझं पत्र आलं तेव्हा ती खाटेवर बसली होती. म्हणाली, वाच. मी वरवरचं वाचू लागले, पाऊसपाणी, दुकान, शालूची तब्येत. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "थ्या पोट्टीचं नाव काय हाये?"

मी पत्राची घडी करू लागले. तेव्हा ती म्हणाली की टाकीवरच्या गादीचं तू वाचलंस त्याच दिवशी मला समजलं. फटफटीचं मला काही कळत नाही, पण एवढीशी गादी कुणासाठी करतात ते कळतं. दुसऱ्या कुणाची असती तर वाचताना तुझा आवाज कावून फाटला असता? महिनाभर ती मी सांगायची वाट पाहत होती, आणि मी तिच्यापासून लपवत होते. या घरात आपण तिघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली.

मग तिनं मला तुझं पत्र सगळं वाचायला लावलं. माय माझ्या गळ्यात पडेल, ही ओळ मी गाळली. तिनं माझ्या तोंडाकडे पाहून पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचली. ती गुडघ्यावर हात फिरवत राहिली. नंतर जे बोलली ते तिनं तुला जसंच्या तसं लिहायला सांगितलं आहे:

"जित्या पोरासाठी मी आठ वर्सं मेला म्हून रडले. त्यातले तीन वर्सं धर्माले मालूम होतं. हे मी त्याले माफ करीन का नाही, मलेच समजून नाही राहिलं. पन त्याले लिही, मले न्यायले येऊ नोको. मी मैनासंगं बडनेऱ्याले जाऊन राहिली."

मी म्हटलं, माय, असं कुठे असतं का, सासू सुनेच्या दुसऱ्या घरी जाते का? लोक काय म्हणतील? ती म्हणाली, दीक्षा घेतली तेव्हा मी लोकांना विचारायला गेले नव्हते, आता कावून विचारू? खुशालराव आले तेव्हा तिनं हेच त्यांच्यासमोर सांगितलं. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, माझी हिंमत झाली नाही. तेच म्हणाले की मागची खोली रिकामी आहे, फक्त तिथे ओल येते, ती आधी काढून घेतो. आणि काल ते चुना घेऊन तिकडे गेलेसुद्धा. हे बरोबर आहे की चूक, मला खरंच कळत नाही. पण मायनं आपली लुगडी बांधून ठेवली आहेत.

लग्नाला शालूला आणि पोरांना घेऊन ये. नवऱ्याच्या बाजूला बेबीताई आहेत. मुलीच्या बाजूनं कोण बसणार असं त्यांनी विचारलं, तर मायनं माझ्याआधी उत्तर दिलं की मी बसणार आणि माझा लहान पोरगा बसणार. तेव्हा तुझी जागा माझ्या बाजूला आहे. वेळेवर येऊन बस.

तुझी,
मैना